परक्याचा मृतदेह, आपला शोक

हुकूमशाही माणसाला ठार मारते तेव्हा तिचे काम तेथे संपत नाही. मृतदेह कोणाच्या हाती जावा, मृत्यूची नोंद कोणत्या तारखेने आणि कोणत्या कारणाखाली व्हावी, अंत्यविधीला किती माणसे जमावीत, आणि मुळात मृत्यू झाला हे तरी मान्य करावे की नाही, या साऱ्या गोष्टींवर तिला ताबा हवा असतो. कारण मेलेल्या विरोधकाचे भय उरले नसले तरी त्याच्याभोवती जमणाऱ्या माणसांचे भय उरतेच. म्हणून ज्या बाईने कधी सभेत भाषण केले नाही, पत्रके वाटली नाहीत, कोणत्या पक्षाची वर्गणी भरली नाही, ती केवळ आपल्या माणसाचे प्रेत मागायला कचेरीच्या खिडकीपाशी गेली तरी राज्यसत्तेच्या पुढ्यात जाऊन उभी राहते. विसाव्या शतकातील कादंबरीने आणि नाटकाने ही बाई पुन्हा पुन्हा उभी केली, आणि तिच्याविषयी एक समजूतही रूढ झाली: आईचे किंवा पत्नीचे प्रेम इतके प्रबळ असते की ते आपोआप जुलमाच्या विरोधात जाते. ही समजूत मनाला धीर देणारी आहे खरी. पण ज्या कलाकृतींच्या आधारे ती मांडली जाते, त्यांतील सर्वांत प्रामाणिक कलाकृती तिला दुजोरा देत नाहीत. शोकाकुल माणसाला गप्प बसवणे, भ्रमात ठेवणे आणि दुसऱ्या शोकाकुल माणसापासून तोडणे सत्तेला फारसे अवघड जात नाही. शोकाचा प्रतिकार होतो तो एका विशिष्ट वळणावर, म्हणजे 'माझा तेवढा निरपराध होता' हे म्हणणे सोडून ती बाई परक्याच्या मृतावरही हक्क सांगू लागते तेव्हा; आणि हे वळण घेताना तिला काहीतरी गमवावेही लागते.

शोक करणाऱ्या स्त्रीचे भय सत्तेला फार पूर्वीपासून आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी सोलोनने अथेन्ससाठी केलेल्या कायद्यांत विलापावर निर्बंध होते, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. अंग ओरबाडून घेण्याला आणि ठरीव शोकगीते म्हणण्याला मनाई होती. इतकेच नव्हे, तर एकाच्या अंत्यविधीत दुसऱ्या कोणा मृतासाठी आक्रोश करण्यालाही मनाई होती. या शेवटच्या कलमाकडे अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले दिसत नाही. स्वतःच्या घरातील मृतासाठी, मर्यादेत राहून, रडण्याची मुभा होती. एक मृत्यू दुसऱ्या मृत्यूशी जोडला जाणे मात्र नगरराज्याला नको होते, कारण जोडलेल्या मृत्यूंमधून घराण्याघराण्यांतील वैरे धुमसत राहतात आणि हिशोब मागितले जातात.

याच नगरात, इसवी सनापूर्वी ४४१ च्या सुमारास, सोफोक्लीजचे 'अँटिगनी' हे नाटक झाले. थीब्जच्या राज्यासाठी लढणारे दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मारले जातात. नवा राजा क्रेऑन एकाचा सन्मानाने अंत्यविधी करवतो आणि दुसऱ्याचे, पॉलिनायसीजचे, प्रेत उघड्यावर टाकून देऊन त्याला मूठमाती देणाऱ्यास देहदंड जाहीर करतो. बहीण अँटिगनी ती आज्ञा मोडते. हेगेलने या नाटकात दोन सारख्याच न्याय्य तत्त्वांचा, कुटुंबधर्माचा आणि राज्यधर्माचा, संघर्ष पाहिला, आणि पुढील दोन शतके चर्चा बव्हंशी त्याच चौकटीत फिरत राहिली. परंतु मरणापूर्वीच्या भाषणात अँटिगनी जे सांगते ते या चौकटीत नीट बसत नाही. नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी आपण हे धाडस केले नसते, कारण नवरा दुसरा मिळू शकतो आणि मूलही दुसरे होऊ शकते, पण आईवडील वारल्यावर दुसरा भाऊ होणे नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. गटेला हा भाग इतका खटकला की कोणा विद्वानाने तो प्रक्षिप्त ठरवावा अशी इच्छा त्याने बोलून दाखवली होती. मात्र ॲरिस्टॉटलने तो युक्तिवाद उद्धृत केलेला असल्याने तसे ठरवणे सोपे नाही. वास्तविक या भाषणातच नाटकाचे मर्म आहे. अँटिगनी सर्व मृतांच्या वतीने बोलत नाही. तिचा शोक एकाच माणसाचा आणि एकाच माणसासाठी आहे, त्या माणसाची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही. आणि म्हणूनच ती तडजोडीला तयार नाही. तिचे बळ या एकमेवतेत आहे, तसे तिचे एकटेपणही याच एकमेवतेत आहे.

याच्या उलट टोकाचे चित्र मराठी वाचकाला परिचित असलेल्या महाभारतात सापडते. स्त्रीपर्वात गांधारी रणांगण पाहते तेव्हा तिला केवळ आपले शंभर पुत्र दिसत नाहीत. अभिमन्यूच्या देहाशी बसलेली उत्तराही दिसते, म्हणजे शत्रुपक्षातील विधवाही दिसते, आणि त्या साऱ्या मृत्यूंचा जाब ती एकट्या कृष्णाला विचारते. त्याच पर्वात विजयी युधिष्ठिर ज्यांचे कोणी उरले नाही अशा अनाथ मृतांचेही दहन करवतो. क्रेऑनने जे नाकारले ते येथे विजेता स्वतःहून करतो, ही गोष्ट दोन राजांच्या स्वभावभेदापुरती नाही. मृताला राजकारणाच्या बाहेर ठेवण्याचे भान राजसत्तेला असू शकते, हे त्यातून दिसते. आधुनिक हुकूमशाहीने नेमके हेच भान टाकून दिले.

क्रेऑनने प्रेत निदान सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवले होते. विसाव्या शतकात प्रेतच नाहीसे करण्याचे तंत्र सिद्ध झाले. डिसेंबर १९४१ मध्ये नाझी राजवटीने काढलेल्या 'रात्र आणि धुके' या नावाच्या आदेशानुसार व्याप्त देशांतील प्रतिकारकांना गुपचूप जर्मनीत नेले जाई आणि त्यांच्या नातेवाइकांना कोणतीही माहिती दिली जात नसे. या अनिश्चिततेचीच दहशत बसावी, हा त्यामागील उघड हेतू होता. स्टालिनच्या रशियात १९३७-३८ च्या काळात गोळी घातलेल्या कित्येकांच्या घरच्यांना 'पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षे' अशी शिक्षा कळवली गेली. अर्जेंटिनात २४ मार्च १९७६ रोजी सत्तेवर आलेल्या लष्करी मंडळाने या तंत्राला राज्यकारभाराचे रूप दिले: माणसे घरांतून उचलली जात, गुप्त तळांवर ठेवली जात, अनेकांना गुंगीचे औषध देऊन विमानातून समुद्रात टाकले जाई, आणि ती कधी ताब्यात घेतली होती हेच नाकारले जाई. १९८४ च्या राष्ट्रीय आयोगाने अशा ८,९६० व्यक्तींची नोंद केली; मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. यालाच 'सक्तीने बेपत्ता करणे' म्हणतात, आणि यातील क्रौर्य मृत्यूपेक्षा निराळ्या जातीचे आहे. बेपत्ताची बायको सुवासिनी नाही आणि विधवाही नाही. मृत्यूचा दाखला नसल्याने वारसा अडतो, निवृत्तिवेतन अडते आणि शोकही अडतो. आपले माणूस मेले असे मानावे तर त्याचा विश्वासघात केल्यासारखे वाटते, आणि जिवंत मानावे तर रोजचा दिवस नव्याने जाळतो. तपशिलाचा आग्रह, म्हणजे कोणी नेले, कोठे नेले, केव्हा मारले, हे विचारत राहणे, एवढेच अशा राजवटीत राजद्रोहाचे कृत्य होऊन बसते.

पण ही परिस्थिती प्रत्येक शोकाकुल स्त्रीला प्रतिकारक बनवते का, या प्रश्नाचे सर्वांत निर्भीड उत्तर लिदिया चुकोव्स्काया या रशियन लेखिकेच्या 'सोफिया पेत्रोव्ना' या छोट्या कादंबरीत आहे. ती १९३९-४० च्या हिवाळ्यात, दहशत चालू असतानाच, शाळकरी वहीत लिहिली गेली. लेखिकेचे पती, भौतिकशास्त्रज्ञ मात्वेई ब्रॉन्श्टाइन, यांना १९३७ च्या ऑगस्टमध्ये अटक झाली होती आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली होती. पत्नीला मात्र दहा वर्षांची तीच पत्रहीन शिक्षा सांगण्यात आली. लेनिनग्राडच्या वेढ्याच्या काळात ती वही एका मित्राने जपली. तो मित्र उपासमारीने मेला, वही मात्र वाचली. पुस्तक प्रथम १९६५ साली पॅरिसमध्ये आणि लेखिकेच्या स्वतःच्या देशात थेट १९८८ साली प्रसिद्ध झाले. कोणाचीही अपेक्षा अशी असेल की एवढे सोसलेल्या लेखिकेने स्वतःसारखीच जाणती, खंबीर नायिका निर्माण करावी. चुकोव्स्कायाने तसे केले नाही, आणि हा तिचा निर्णय साहित्यिक धैर्याचा दुर्मीळ नमुना आहे.

तिची नायिका एका डॉक्टरची विधवा आहे. एका प्रकाशनसंस्थेत टंकलेखिकांच्या विभागाची प्रमुख आहे, कामावर प्रेम करणारी, वर्तमानपत्रात छापलेले सर्व खरे मानणारी. मुलगा कोल्या अभियंता आहे, निष्ठावान आहे, त्याचा फोटोही 'प्रावदा'त छापून आलेला आहे. त्याला अटक होते तेव्हा आई तुरुंगाच्या आणि सरकारी वकिलाच्या कचेरीच्या रांगांत उभी राहू लागते. त्या रांगांत शेकडो बायका आहेत. कोणी मुलासाठी, कोणी नवऱ्यासाठी, आपला क्रमांक यावा म्हणून रात्रीपासून ताटकळणाऱ्या. सोफिया पेत्रोव्ना त्यांच्याकडे पाहते आणि तिच्या मनात येते की या तर खऱ्याखुऱ्या हेरांच्या, विषप्रयोग करणाऱ्यांच्या आणि खुन्यांच्या आया-बायका आहेत. चूक झाली ती फक्त आपल्या कोल्याच्या बाबतीत, आणि ती लवकरच दुरुस्त होईल. कादंबरीतील सारी दहशत या एका विचारात एकवटली आहे. रांग ही वस्तुतः त्या काळातली एकमेव जागा होती जिथे शोक एकमेकांना भेटू शकत होते, आणि तिथेच ही बाई शेजारणीला ओळखायला नकार देते. राज्याने तिच्यावर पहारेकरी बसवण्याची गरज उरत नाही, कारण तो पहारा तिच्या डोक्यात आधीच बसलेला आहे. पुढे तिची तरुण सहकारी आत्महत्या करते, मुलाचा मित्र पकडला जातो, शेजारी तोंड फिरवतात. तेव्हा ती लोकांना सांगू लागते की कोल्या सुटला, त्याचे लग्न ठरले. शेवटी कोल्याचे चोरून पाठवलेले पत्र येते: आपल्याला मारहाण झाली, कबुली जबरदस्तीने घेतली गेली, आईने अर्ज करावा. ज्या बाईचा स्वतःचा नवराही पकडला गेला आहे अशी एक ओळखीची स्त्री तिला सांगते की अर्ज केलास तर तुझ्यावरही येईल आणि मुलाचेही आणखी वाईट होईल. सोफिया पेत्रोव्ना पत्र जाळते.

अनेक वाचकांना हा शेवट पराभवाचा वाटतो, आणि नायिकेच्या बाबतीत तो पराभव आहेच. तथापि त्या पराभवाचे निदान इतके नेमके आहे की कादंबरीच प्रतिकार ठरते. आईची माया येथे कमी नाही. उलट ती इतकी अनन्य आहे की दुसऱ्या कोणासाठी तिच्यात जागाच नाही, आणि हुकूमशाहीला अशी अनन्य माया परवडते. अँटिगनीची एकमेवता तिला राजाज्ञेच्या विरोधात नेते. सोफिया पेत्रोव्नाची एकमेवता तिला राजाज्ञेच्या पदराआड नेते, कारण मध्ये एक गोष्ट बदललेली आहे. क्रेऑनची आज्ञा उघड होती, तिच्याशी सामना होऊ शकत होता. नव्या राज्याने आज्ञा लपवली आणि तिच्या जागी प्रत्येकाला 'तुमचे प्रकरण वेगळे आहे' अशी आशा दिली. जो स्वतःला अपवाद मानतो तो नियमाविरुद्ध उभा राहू शकत नाही. याच काळात त्याच शहरात कवयित्री ॲना आख्मातोवा आपल्या मुलासाठी रांगांत उभी राहत होती आणि त्या रांगेतल्या सर्व बायकांच्या वतीने एक काव्य रचत होती. ते कागदावर ठेवणे धोक्याचे असल्याने ओळी लिहून, विश्वासू मैत्रिणींकडून पाठ करवून, कागद जाळला जाई, आणि पाठ करणाऱ्यांत चुकोव्स्काया होती. जळालेले दोन कागद असे शेजारी ठेवले की भेद स्पष्ट होतो: कादंबरीतला कागद जळतो तेव्हा त्यातला मजकूर कोणाच्याही ठायी उरत नाही.

सोफिया पेत्रोव्नाला जे जमले नाही तेच आरिएल दोर्फमान या चिली देशाशी जोडलेल्या लेखकाच्या 'विधवा' या कादंबरीचा विषय आहे. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर दोर्फमानला देश सोडावा लागला. कादंबरी निर्वासित अवस्थेत लिहून १९८१ साली प्रसिद्ध झाली, आणि चिलीतील सेन्सॉर चुकवता यावा या विचाराने तिचे कथानक ग्रीसमधील एका खेड्यात ठेवलेले आहे. अँटिगनीची भूमी या निमित्ताने पुन्हा मिळाली, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. या गावातले पुरुष नेले गेले आहेत. त्यांचे काय झाले ते कोणी सांगत नाही. नदीतून एक प्रेत वाहत येते, चेहरा ओळखू न येण्याइतके छिन्नविच्छिन्न. सोफिया अँजेलोस ही म्हातारी पुढे येते आणि ते आपल्या बापाचे आहे, ते आपल्याला पुरू द्या, असे म्हणते. पुढे दुसरे प्रेत येते, तेव्हा ती तो आपला नवरा असल्याचे सांगते. मग गावातल्या इतर बायकाही पुढे येतात, आणि प्रत्येकीचा दावा तोच: हे प्रेत माझ्या माणसाचे आहे.

या प्रसंगाची ताकद अशी की त्यात खोटे कोणीच बोलत नाही, जरी सर्वांचे म्हणणे एकाच वेळी खरे असणे शक्य नसले. अधिकाऱ्यापुढचा पेच हा पुराव्याचा पेच आहे. ओळख पटवा, असे तो म्हणू शकत नाही, कारण ओळख पुसून टाकण्याचे काम त्याच्याच लोकांनी केलेले आहे; आणि एकीला प्रेत दिले तर बाकीच्यांची माणसेही मारली गेली हे मान्य केल्यासारखे होते. चेहरा नष्ट करणाऱ्या राजवटीने नकळत असा देह निर्माण केला आहे जो कोणाचाही असू शकतो, म्हणून सर्वांचा आहे. सोलोनच्या कायद्याने ज्याला मनाई केली होती, परक्याच्या प्रेतावर आपल्या मृतासाठी रडणे, तेच येथे प्रतिकाराचे संपूर्ण रूप होते. अमेरिकन तत्त्वज्ञ जुडिथ बटलर यांनी २००४ साली असे मांडले की सत्ता आधी काही आयुष्ये 'शोक करण्याजोगी' आणि काही तशी नाहीत अशी विभागणी करते, आणि मग हिंसा सुकर होते. दोर्फमानच्या बायका ही विभागणी चर्चेने खोडून काढत नाहीत; त्या हक्क सांगतात, आणि हक्क सांगितल्यावर विभागणी चालवणाऱ्यालाच उत्तर द्यावे लागते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. या कथांत नेहमी बाईच का, आणि तीही बहुधा आईच का? हान्स फालादाच्या १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या, बर्लिनमधल्या क्वांगेल पती-पत्नीच्या कादंबरीत या प्रश्नाची एक कडी सापडते. युद्धात एकुलता मुलगा मारला गेल्याची बातमी आल्यावर हे कामगार जोडपे हिटलरविरोधी मजकुराची पोस्टकार्डे लिहून इमारतींच्या जिन्यांत ठेवू लागते, आणि बातमीच्या क्षणी नवऱ्यावर फुटलेल्या ॲना क्वांगेलच्या संतापातून या साऱ्याची सुरुवात होते. ज्या खऱ्या जोडप्यावरून हे कथानक घेतले ते ओटो आणि एलिझे हाम्पेल. त्यांना ८ एप्रिल १९४३ रोजी देहदंड दिला गेला. त्यांच्या बाबतीत मारला गेला होता तो मुलगा नव्हे, एलिझेचा भाऊ. म्हणजे इतिहासाने अँटिगनीसारखी बहीण दिली होती आणि कादंबरीने तिची आई केली. हा बदल निव्वळ करुणरस वाढवण्यासाठी झाला असे म्हणणे अपुरे आहे. हुकूमशाह्या स्वतःच मातेला देव्हाऱ्यात बसवतात: नाझी राजवटीने १९३८ साली बहुप्रसवा मातांसाठी सन्मानपदक सुरू केले, अर्जेंटिनाच्या सेनापतींनी कॅथलिक कुटुंबाचे रक्षण हे आपल्या सत्तेचे प्रयोजन म्हणून सांगितले. अशा राजवटीला बहिणीला शत्रू ठरवता येते, प्रेयसीला तर सहज. आईला शत्रू ठरवताना तिला स्वतःच्याच भाषेशी भांडावे लागते. ब्वेनोस आयरेसच्या प्लासा दे मायो या चौकात ३० एप्रिल १९७७ रोजी पहिल्यांदा जमलेल्या चौदा आयांनी नेमकी हीच फट हेरली. डोक्याला त्यांनी बांधले ते बाळाच्या लंगोटाचे पांढरे चौकोनी फडके, आणि थांबायचे नाही असे पोलिसांनी दरडावल्यावर त्या चौकाला फेऱ्या घालू लागल्या. सत्तेकडे त्यांच्यासाठी उरला तो एकच शब्द, 'वेड्या'. तो शब्द पुरला नाही तेव्हा मात्र शस्त्र वापरले गेले. आयांना एकत्र आणणाऱ्या आसुसेना विज्याफ्लोर यांना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पळवून नेण्यात आले.

तरीही मातृत्वाच्या ढालीला मर्यादा आहे, आणि ती दाखवण्याचे श्रेय महाश्वेता देवींच्या 'हजार चुराशिर मा' या १९७४ सालच्या बंगाली कादंबरीला द्यावे लागेल, जिच्यावर गोविंद निहलानी यांनी १९९८ साली हिंदी चित्रपट केला. सत्तरच्या दशकाच्या आरंभीचा बंगाल हा घटनात्मक अर्थाने हुकूमशाहीखाली नव्हता, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. परंतु नक्षलवादी तरुणांना ज्या रीतीने टिपले गेले ती रीत न्यायालयाच्या वाटेने गेली नाही, आणि कादंबरीची नायिका सुजाता हिच्या मुलाला, व्रतीला, शवागारात मिळतो तो केवळ एक क्रमांक, एक हजार चौऱ्याऐंशी. बँकेत नोकरी करणाऱ्या, सुस्थितीतल्या सुजाताचा नवरा ओळखी वापरून मुलाचे नाव वर्तमानपत्रांतून वगळवून घेतो. म्हणजे येथे मृताचे नाव पुसण्याचे काम राज्याबरोबर घरही करते, आणि प्रतिकाराचे पहिले ठिकाण जेवणघरात येते. मुलाच्या मृत्यूला दोन वर्षे झाल्यावरच्या एका दिवसात सुजाता व्रतीबरोबर मारल्या गेलेल्या सोमूच्या आईकडे जाते. दोघींचा शोक सारखा आहे, घर मात्र सारखे नाही. सोमूच्या आईच्या डोक्यावर गळके छप्पर आहे, रडण्याचा तिचा हक्क गल्लीतल्या मारेकऱ्यांच्या मर्जीवर आहे, आणि सुजाताच्या येण्याने तिच्या घरच्यांना भीतीच वाटते. दोर्फमानच्या खेड्यात बायका एकमेकींच्या शेजारी उभ्या राहू शकल्या कारण त्या एकाच नदीवर कपडे धुणाऱ्या होत्या. कोलकात्यात शोकाला वर्गाची भिंत आहे, आणि महाश्वेता देवींनी ती पाडून दाखवण्याचा खोटेपणा केला नाही. सुजाता जे मिळवते ते मर्यादित पण खरे आहे: आपला मुलगा कोणासाठी मेला ते तिला परक्या आईच्या दारात कळते.

परक्याच्या मृतावर हक्क सांगण्यात जे गमवावे लागते त्याचा सर्वांत कठीण दाखला पुन्हा अर्जेंटिनातच सापडतो. लोकशाही परतल्यावर १९८४ पासून न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञ बेवारस कबरी उकरून हाडांवरून ओळख पटवू लागले. १९८६ साली प्लासा दे मायोच्या आयांची संघटना दुभंगली; हेबे दे बोनाफिनी यांच्या नेतृत्वाखालील गटाने हे उत्खनन नाकारले. प्रत्येक आई सर्व बेपत्तांची आई आहे, आणि एकेकीला तिच्या मुलाची हाडे देऊन घरी पाठवले की सामुदायिक मागणी विझेल, खुनी मोकळे राहतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुसऱ्या गटाला आपल्या मुलाची कबर हवी होती. पहिल्या गटाच्या बाजूने तर्क आहे, आणि तो तर्क 'विधवा' कादंबरीच्या तर्काशी जुळतो. तरीही ज्या आईला मुलाचे हाड हवे होते तिला राजकीय जाणीव कमी होती असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. आसुसेना विज्याफ्लोर यांचा देह समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकला होता आणि तो अनाम म्हणून पुरला गेला होता. २००५ साली त्याची ओळख पटली, तेव्हा विमानातून माणसे फेकली गेल्याचा तो ठोस पुरावा ठरला. एका देहाचे नाव परत मिळाले म्हणून सर्वांची मागणी दुबळी झाली नाही, उलट बळकट झाली. अँटिगनीचा आग्रह आणि गांधारीचा आवाका एकमेकांना छेद देतातच असे नाही, पण दोन्ही एकाच वेळी सांभाळणे संघटनेला जड जाते, कारण संघटनेला घोषणा एकच लागते.

कादंबरीला घोषणा लागत नाही, आणि म्हणून हे काम तिला जमू शकते. हान कांग यांची २०१४ सालची, दक्षिण कोरियातील ग्वांगजू येथे मे १९८० मध्ये लष्कराने केलेल्या हत्याकांडावरची कादंबरी याचे समर्थ उदाहरण आहे. तिचे प्रत्येक प्रकरण वेगळ्या माणसाच्या वाट्याला येते, पण सर्वांच्या मध्यभागी दोंग-हो हा एकच शाळकरी मुलगा राहतो, आणि त्याची आई बोलते ती जवळपास शेवटी, इतर साऱ्यांनंतर. युन-सुक ही मुलगी हत्याकांडानंतर सरकारी कचेरीला फोन करून विचारते की चौकातले कारंजे पुन्हा सुरू करण्याची हिंमत कशी झाली. पुढे ती एका प्रकाशनसंस्थेत काम करते तेव्हा सेन्सॉरने जवळजवळ संपूर्ण काळे केलेले नाटक रंगभूमीवर येते आणि नट आवाज न काढता ओठ हलवतात. कारंज्याबद्दलची तक्रार हास्यास्पद वाटावी इतकी लहान आहे, पण शोकाला नकार देणाऱ्या सत्तेपुढे शोकाकुल माणसाला हीच मागणी करता येते: आजचा दिवस नेहमीसारखा आहे असे भासवू नका. या साऱ्याची सुरुवात मात्र कादंबरीने व्यायामशाळेच्या सभागृहात केली आहे, जिथे दोंग-हो आणि युन-सुक अनोळखी मृतदेह पुसतात, त्यांच्यावर कापड घालतात आणि वहीत वय, कपडे, बूट यांची नोंद करतात, जेणेकरून शोधत येणाऱ्या कोणाला आपले माणूस सापडावे. दोंग-हो तिथे आपल्या मित्राला शोधायला आलेला असतो. तो सापडत नाही, आणि मुलगा इतरांच्या मृतांसाठी थांबून राहतो.